वाचकांचे प्रश्न : बर्फाखाली उब, बर्फावर गारठा

उन्हाळी ट्रेकची आखणी आणि द्राक्षबागांमधला थंडीचा धसका, दोन्ही नाशिक जिल्ह्यात एकाच सुमारास सुरू होतात. यावेळच्या पत्रांत दोन्ही आहेत.

प्रश्न : मे अखेरीस उत्तराखंडात ट्रेकला जाणार आहोत. हिवाळ्यात तिथे तापमान उणे वीसपर्यंत जातं, सगळं बर्फाखाली गाडलं जातं. तरी जूनमध्ये लगेच फुलं कशी येतात? झाडं-प्राणी मरत कसे नाहीत? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : गाडलं जातं म्हणूनच वाचतं. ताज्या भुसभुशीत बर्फात 90 टक्क्यांहून जास्त हवाच असते आणि अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. 40-50 सेंटिमीटरचा थर वेळेत पडला, तर वर उणे वीस असतानाही जमिनीलगत तापमान शून्याच्या जरासं खाली राहतं. उन्हाळ्यात जमिनीत मुरलेली उष्णता खालून मिळत असते. तिच्यामुळे तळाच्या बर्फाची वाफ वर सरकते, तळाशी जाड साखरेसारखे सुटे कण उरतात आणि त्या पोकळ थरात उंदरांसारखे छोटे प्राणी बोगदे करून हिवाळा काढतात. दगडांच्या राशीत राहणारा पिका, म्हणजे सशाचा चिमुकला भाईबंद, तर झोपतही नाही. उन्हाळ्यात साठवलेलं गवत खात तो जागाच असतो. मार्मोट ही जमिनीवरची मोठी खार मात्र बिळात सहा महिने झोपते. (हाच सुट्या कणांचा थर 30 ते 45 अंशांच्या उतारावर वरच्या जड थराखालून निसटला की हिमकडा कोसळतो. उताराच्या मधोमध उभ्या पट्ट्यात मोठी झाडं नसून नुसती झुडपं दिसली, तर तो हिमकडे कोसळण्याचा नेहमीचा रस्ता समजा आणि तंबू तिथे लावू नका.)

म्हणजे धोक्याचं साल बर्फ कमी पडण्याचं. पांघरूण पातळ असलं की जमीन खोलवर गोठते, मुळं मरतात. बर्फावर पाऊस पडून वर कडक पापुद्रा धरला, तर चरणाऱ्या प्राण्यांना खालचं गवत उकरता येत नाही. भरल म्हणजे निळी मेंढी म्हणूनच हिवाळ्यात वाऱ्याने बर्फ उडवून नेलेल्या धारांवर आणि कड्यांवर चरते. तिच्या मागे हिमबिबट्याही तिथेच.

फुलांचं म्हणाल, तर उंचावरच्या पुष्कळ झाडांच्या कळ्या आदल्या शरदातच तयार असतात. बर्फ हटला की फक्त उमलायचं बाकी. पण बर्फ सगळीकडे एकदम हटत नाही. उंचवटा मोकळा झाल्यावर शेजारचा खळगा आणखी काही आठवडे भरलेलाच असतो, त्यामुळे दहा पावलांवर झाडोरा बदलतो. बुग्याळात, म्हणजे उंचावरच्या कुरणात, एवढं एक जरूर पाहा. वितळत्या बर्फाच्या कडेची ओली माती मात्र तुडवू नका. तिथले कोंब त्याच आठवड्यात वर आलेले असतात आणि त्यांच्या हाती जेमतेम तीन-चार महिने असतात. वृक्षरेषेजवळ, म्हणजे ज्या उंचीवर झाडं संपतात तिथे, भूर्जाची खोडं बुडाशी उताराकडे वाकून मग सरळ वर गेलेली दिसतील. रोपटं असताना सरकत्या बर्फाने दाबल्याची ती खूण.

प्रश्न : बर्फ झाडांना वाचवतो म्हणता, मग आमच्या बागेत नुसतं दव गोठलं तरी पानं का करपतात? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : कारण तुमच्याकडे पांघरूण पडत नाही, फक्त गारठा पडतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानं आपली उष्णता थेट आकाशात सोडतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर पेटीत असतो. तो 4 अंश दाखवतो, तेव्हा जमिनीलगतचं उघडं पान शून्याला टेकलेलं असू शकतं. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरला की तो पेशींतलं पाणी ओढून घेतो आणि ऊन लागल्यावर पान काळं पडतं. हिमालयातही हेच घडतं. बर्फाचा पृष्ठभाग रात्री त्याच्यावरच्या हवेहूनही गार होतो, म्हणून बर्फाबाहेर डोकावणारे शेंडे आधी जळतात आणि आतल्या फांद्या शाबूत राहतात.

यातून बागेसाठी एक गोष्ट निघते, आणि ती अनेकांना उलटी वाटेल. पाचटाचं जाड आच्छादन बर्फासारखंच वागतं. मुळं उबदार ठेवतं, पण मातीची उब वर येऊ देत नाही, म्हणून घडांजवळची हवा जास्त गार होते. कडाक्याच्या थंडीचा अंदाज असेल, तर ओळींच्या मधलं आच्छादन आणि तण बाजूला करून माती उघडी व ओली ठेवा. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच पाणी द्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं, त्यामुळे पहाटे ठिबक पुन्हा चालवण्याचाही उपयोग होतो. शेकोट्या मोठ्या चार नकोत, लहान पुष्कळ हव्यात. मोठ्या जाळाची हवा सरळ वर निघून जाते. धूर उष्णता फारशी अडवत नाही, तेव्हा ओला पाला जाळून डोळे चोळण्यात अर्थ नाही.

तुषार सिंचनाची गोष्ट वेगळी. एक किलो पाणी गोठताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता सोडतं, त्यावर पान तगतं. पण तेवढंच पाणी वाफ होताना सुमारे 600 किलोकॅलरी ओढून घेतं. वीज मध्येच गेली आणि तुषार थांबले, तर न भिजवलेल्या बागेपेक्षा जास्त नुकसान होतं. सकाळी पानांवरचा बर्फ आपोआप सुटेपर्यंत पाणी चालू ठेवण्याची खात्री नसेल, तर या वाटेला जाऊ नका. थॉमसन जातीच्या द्राक्षांत पाणी उतरताना येणारी पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडणं, हाही थंडीचाच परिणाम, पण तिथे काही गोठत नाही. त्याला घडांना कागद लावणं हाच उपाय.

प्रश्न : गोदावरी उन्हाळ्यात आटते, गंगा वाहती राहते. सगळं श्रेय हिमनदीचं का? (त्र्यंबकेश्वर)

उत्तर : गोमुखाजवळ बहुतांशी हो, वाराणसीला नाही. सुमारे 30 किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीखालून निघणारी भागीरथी उन्हाळ्यात प्रामुख्याने वितळपाण्यावर वाहते. आधी हिवाळ्यात साचलेला बर्फ वितळतो, मग जुलै-ऑगस्टमध्ये हिमनदीचा जुना बर्फ. खाली मैदानात मात्र पाऊस आणि भूजलाचा वाटा मोठा. गोदावरी उगम पावते त्या ब्रह्मगिरीवर असं गोठलेलं साठवण नाही. पाऊस संपला की बेसॉल्टच्या भेगांत मुरलं असेल तेवढंच झिरपतं.

वितळपाण्याच्या ओढ्याला रोजची भरती असते. पहाटे पाणी सर्वांत कमी, दुपारनंतर जोरात. ओढा ओलांडायचा तर सकाळीच. हिमनदीचं पाणी दुधट दिसतं, कारण त्यात घासलेल्या दगडाचं पीठ असतं. प्रकाश तळापर्यंत जात नाही, शेवाळ कमी धरतं, म्हणून किडे आणि मासेही कमी. शेजारचा झऱ्याचा नितळ ओहोळ जीवांनी जास्त भरलेला असतो.

बर्फात पाणी किती, हे मोजायचं असेल तर सरळ भिंतींचा एक लिटरचा स्टीलचा डबा न्या. बर्फात उभा दाबून काठोकाठ भरा, वर ठोकून ठासू नका, वितळवून मापात ओता. ताज्या बर्फाचं 100 मिलिलिटरच्या आसपास निघेल. मे महिन्यातल्या दाणेदार बर्फाचं 400 ते 500. म्हणजे मेमधला एक मीटर थर हे 40-50 सेंटिमीटर पाणी झालं.

प्रश्न : बर्फावर गुलाबी डाग दिसतात, ते कशाचे? तो बर्फ खावा का? (नाशिकरोड)

उत्तर : ते शैवाल आहे. जात हिरव्या शैवालाची, पण उंचावरच्या तीव्र उन्हापासून बचावासाठी लाल रंगद्रव्य साठवणारी. डागाळलेला बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. हिमनदीवरच्या काळ्या चिखलातही जीवाणू असतात आणि ते खाऊन जगणारा पंखहीनसा एक किडा नेपाळच्या याला हिमनदीवर सापडला. त्याची नोंद 1984 साली प्रसिद्ध झाली. उणे 16 अंशांतही तो चालताना आढळला. खाण्याचं विचाराल, तर नको. पोट बिघडू शकतं. चहासाठी स्वच्छ पांढरा बर्फ वरचा थर काढून घ्या आणि पाणी खळखळ उकळा.