टाचणी चक्क कोळी खाते?

प्रश्न: कोस्टारिकाच्या जंगलातला व्हिडिओ बघितला, भलीमोठी टाचणी (चतुरासारखा नाजूक उडणारा किडा) जाळ्यातला कोळी उचलून नेत होती. खरंय का हे?

उत्तर: अगदी खरं! ही मेगालोप्रेपस नावाची टाचणी, पंखांचा पसारा 19 सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास एक वीत झाली की. जाळ्यासमोर हवेत थांबते, झटकन पुढे होऊन कोळी धरते, तशीच मागे सरकते आणि फांदीवर बसून त्याचे पाय तोडून टाकते, मऊ पोट तेवढं खाते (नखरे बघा!). अंडी तळ्यात नाही, झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात, आणि ढोली मोठी असली की नर तिथे पहाराच देतो, दुसरा नर आला की हाकललाच. पिल्लं आत डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं खातात, आणि भूक लागली की एकमेकांनाही, भावंडं-बिवंडं काही बघत नाहीत.