साडेसात हजारांची एमजीबी बत्तीसशेच्या एमजीबीपेक्षा स्वस्त का?

कॉव्हेंट्रीहून एका वाचकमित्राचं पत्र आलं आहे. वय त्रेचाळीस, नवरा-बायको दोघं नोकरीत, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. बचत १४,००० पौंड, दरमहा साधारण ६०० पौंड मागे पडतात. घराचं कर्ज २,१०,००० पौंड, २६ वर्षं बाकी, आणि १.९ टक्क्यांचा ठरलेला व्याजदर येत्या मार्चअखेर संपतो. त्यांना १९७३ची एमजीबी जीटी, म्हणजे बंद छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायची आहे. दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली ३,२०० पौंडांना, २०११पासून गॅरेजात उभी, विकणारा म्हणतो, "इंजिन फिरतं, थोडं वेल्डिंग लागेल." दुसरी ७,५०० पौंडांना, रस्त्यावर चालती, बॉडी पूर्वी नीट करून घेतल्याची बिलं आणि फोटो आहेत, पण इंजिन निळसर धूर सोडतं आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) चालत नाही. वाचकमित्रांचा कल पहिलीकडे आहे. तीन वर्षं रविवारी घरीच काम करायचं, ३,००० पौंडांचं सामान शून्य टक्के व्याजाच्या क्रेडिट कार्डावर घ्यायचं आणि शेवटी १२,०००ला विकायची, असा त्यांचा हिशेब आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात: "सांगलीला बाबांची अँबॅसिडर होती. टॅपेट सेट करायला, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवायला, मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पुढच्या उन्हाळ्यात इकडे येणार आहेत."

नमस्कार. माझं मत आधीच सांगते: पहिली गाडी घेऊ नका. दुसरी किंवा तिच्यासारखी घ्या, पण एप्रिलमध्ये, आणि नफ्याचा विचार बाजूला ठेवून.

एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसते. सगळा भार पत्र्याची बॉडीच पेलते, आणि त्यात सर्वांत महत्त्वाचं काम दारांखालच्या सिलचं असतं. बाहेरून एकच पट्टी दिसते, पण आत पत्र्याचे थर असतात. पाणी त्यांच्या मधोमध साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर बोटभर भोक दिसतं तेव्हा आतला पत्रा बहुधा बिस्किटासारखा झालेला असतो. सिल नीट बदलायची तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डांचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिलची टोकं त्यांच्या आड जातात. गाडीला योग्य आधार न देता सिल कापली, तर बॉडी मधून झुकते आणि नंतर दार बसत नाही. तुम्ही संध्याकाळच्या वर्गात मिग वेल्डिंग शिकणार आहात. जरूर शिका, पण पहिला टाका या जागी घालू नका. ब्रेक दाबला की ज्याच्यावर सगळा ताण येतो असा हा पत्रा आहे, आणि मागच्या सीटवर तुमची मुलं बसणार आहेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१४ साली माझ्या नवऱ्यानं अशीच जीटी २,८०० पौंडांना घेतली. सिल चकाचक होत्या. सहा महिन्यांनी कळलं, की कुणीतरी कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवून पुट्टी भरली होती. पुन्हा सगळं कापावं लागलं. मी प्रत्येक बिल वहीत लिहीत होते. गाडी रस्त्यावर आली तेव्हा वहीतला आकडा १३,४०० होता आणि चार वर्षांनी आम्ही ती ७,२००ला विकली. त्या वर्षांत आम्ही सुट्टीला कुठे गेलो नाही, ही खंत मला आजही आहे. म्हणूनच तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तुम्हाला वर्कशॉपनं तोंडी सांगितलंय, की दोन्ही सिल, फ्लोअर आणि त्याखालच्या कॅसल रेलचं काम साडेपाच हजारांच्या आत होणार नाही, रंग वेगळा. तोच आकडा धरू. ३,२०० आणि ५,५०० मिळून ८,७०० झाले. गाडी अजून एका रंगाची झालेली नाही. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक सिलिंडर, कॅलिपर, रबरी होस, पेट्रोलची टाकी, रेडिएटर आणि टायर असं सगळं बघावं लागेल. थोडक्यात, दुसरी गाडी जिथे आज उभी आहे तिथे पहिलीला आणायलाच ७,५००पेक्षा कितीतरी जास्त लागतील.

आता १२,००० पौंडांची गोष्ट. अॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही सहज आणि वाजवी दरात मिळतात. अख्खी नवी बॉडीसुद्धा मूळ साच्यांवर बनवून मिळते. तुमच्यासारख्या घरी काम करणाऱ्याला हे वरदान आहे, पण त्याच कारणानं ती दुर्मीळ नाही. चांगली एमजीबी विकत घेणारा माणूस तुमच्या रविवारांचे पैसे मोजणार नाही. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफा कर लागत नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. पण नफाच नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? आणि तोटा झाला, तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही. तेव्हा ही गाडी गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका. सहल, मुलांचा पोहण्याचा क्लास, गणपतीचा खर्च जिथे लिहिता तिथे लिहा. तिथे ती शोभते आणि तिथे तिचा हक्कही आहे.

खरी अडचण मार्चची आहे, आणि वहिनींना तिचीच धास्ती आहे असं तुम्ही लिहिलंय. ती रास्त आहे. नवा दर ४.५ टक्के धरला, तर आजचा साधारण ८५० पौंडांचा हप्ता ११४०च्या आसपास जाईल. म्हणजे दरमहा २९० पौंड जास्त. ६००ची शिल्लक ३१०वर येते. घरखर्च हप्त्यासह आज २,९०० आहे, तो ३,१९० होईल. दोघं कमावते आहात म्हणून निदान तीन महिन्यांचा खर्च, ९,५७० पौंड, बाजूला ठेवाच. त्याला गाडीसाठी हात लावायचा नाही, अगदी ओव्हरड्राइव्हसाठीही नाही.

मग आज मोकळे उरतात ४,४३०. पहिली गाडी खिशात बसते असं वाटतं ते यामुळेच. पण ऑगस्ट ते मार्च या आठ महिन्यांत ६००प्रमाणे आणखी ४,८०० जमतील. एप्रिलच्या सुरुवातीला तुमच्याकडे ९,२३० मोकळे असतील, घराचा नवा हप्ता कळलेला असेल आणि साडेसात हजारांची गाडी घेऊनही सतराशे उरतील. क्रेडिट कार्डाला मात्र माझा ठाम नकार. कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायचं ठरलं, तर ती बँक तुमची देणी तपासेल, आणि तेव्हा कार्डावर तीन हजारांचं सामान दिसणं परवडणार नाही. बऱ्याच बँका मुदत संपायच्या काही महिने आधी नवा दर पक्का करू देतात. ते काम ऑक्टोबरमध्ये उरका.

दुसऱ्या गाडीचा मालक एप्रिलपर्यंत थांबणार नाही, असं तुम्ही म्हणाल. नसेल थांबत तर जाऊ द्या. त्याला आज भेटून विचारायला हरकत नाही. हिवाळ्यात अशा गाड्यांना गिऱ्हाईक कमी असतं. पण लाखांनी बनलेल्या गाडीची दुसरी मिळेल. शोधताना एकच सूत्र धरा: पत्रा चांगला आणि इंजिन थकलेलं. उलट असेल तर पुढे चला.

कारण इंजिनाचं काम तुम्ही घरी करू शकता. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सीरीज इंजिन, आणि अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं धावलेलं १४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. बाबांकडून तुम्ही जे शिकलात ते इथे जसंच्या तसं कामी येईल. फीलर गेज घालून पंधरा थाऊवर (इंचाचे पंधरा हजारांश) टॅपेट सेट करणं, इग्निशनचे पॉइंट घासून गॅप बघणं, दोन एसयू कार्बोरेटर कानानं जुळवणं, हे सगळं गॅरेजच्या दिव्याखाली होतं. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनना दर तीन हजार मैलांना ग्रीस द्यायचं. पाच मिनिटांचं हे काम टाळलं की शेकडो पौंडांचं होतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, इंजिनात २०डब्ल्यू-५० तेल घाला आणि पेट्रोल ई-५ भरा, कारण जास्त इथेनॉलचं ई-१० जुने रबरी पाइप खातं. व्हॉल्व्ह सीटची झीज रोखणारं लेड पेट्रोल इथे २०००पासून बंद आहे, म्हणून सिलिंडर हेडला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का, हे बिलांमध्ये बघा. पाने इंची मापाचे लागतात.

त्या निळ्या धुराचंही ऐका. उतारावर पाय काढून पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताना धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. हेड उतरवून काम होतं. सतत जोर लावताना येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा, म्हणजे मोठा खर्च. मालकाला चालवायला सांगा आणि तुम्ही मागच्या गाडीतून बघा. ओव्हरड्राइव्ह बंद म्हणजे गिअरबॉक्स गेला असं समजू नका. आधी तेलाची पातळी, मग वायर आणि गिअरबॉक्सवरचा स्विच. पण भाव करताना दोन्ही दोष पुढे ठेवा. सात हजारांपर्यंत उतरणं अवघड नाही.

बघायला जाताना खिशात छोटं चुंबक ठेवा. सिलवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मालकाची परवानगी घेऊन एक बाजू जॅकवर उचला आणि दाराची फट बघा. फट आवळली, दार अडकलं, तर नमस्कार करून निघा. एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक सुरक्षा तपासणीचा, २००५पासूनचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, तो आदल्या रात्री वाचा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स आणि एमओटी दोन्ही माफ आहेत. टॅक्समाफीसाठी अर्ज करावा लागतो. एमओटी मात्र दरवर्षी करून घ्याच. आपण स्वतः केलेलं ब्रेकचं काम दुसऱ्या डोळ्यांनी बघितलेलं बरं. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी सांगेल तो भाव स्वीकारावा लागतो.

एप्रिलनंतरच्या ३१० पौंडांतले १२० गाडीच्या वेगळ्या खात्यात टाका, उरलेले १९० आयसामध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात. गाडीच्या खात्यात पैसे नसतील तर तो भाग त्या महिन्यात घ्यायचा नाही. मुलांचे रविवारही असे वाटून घ्या. महिन्यातले दोन गाडीचे, बाकीचे त्यांचे. नऊ वर्षांच्या मुलाला ग्रीस गन धरता येते.

आणि बाबा. पहिली गाडी घेतलीत, तर पुढच्या उन्हाळ्यात ते बघतील तो विटांवर ठेवलेला कापलेला सांगाडा आणि खोक्यांत भरलेले बोल्ट. या वयात त्यांना "अजून दोन वर्षांनी बघा" असं सांगायची तुमची इच्छा नसणार. दुसरीसारखी गाडी एप्रिलमध्ये आली, तर टॅपेटचं कव्हर न काढता तशीच ठेवा. त्यांचं तिकीट मेच्या अखेरीचं काढा, प्रवासाचा वैद्यकीय विमा त्याच दिवशी घ्या आणि सामानात त्यांची पान्यांची जुनी पेटी आणायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत.