एसटीला मिळतं ते अनुदान की उधारीची वसुली?

तुमचा प्रश्न असा की सरकार एसटीला कोट्यवधी रुपये देतं, तरी तोटा हटत नाही, मग पैसा मुरतो कुठे? प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या रकमांची सरमिसळ झालीय.

पेपरवाले ज्याला सरसकट अनुदान म्हणतात, त्यातला बराचसा भाग हिशोबात 'सवलत मूल्य प्रतिपूर्ती' असतो. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. समजा भाडं 100 रुपये आहे. बाई 50 देते, उरलेले 50 सरकारच्या नावावर. आजोबांनाही शून्य रुपयांचं का होईना, तिकीट द्यावंच लागतं, कारण पुढचा सगळा दावा त्या तिकिटावर उभा असतो. आगाराची बेरीज विभागाकडे, विभागाची मुंबईला, आणि तिथून सरकारकडे मागणी. वाण्याकडून वहीवर लिहून सामान नेलं आणि महिन्याभराने पैसे चुकते केले, तर आपण त्याला वाण्याला केलेली मदत म्हणत नाही. इथे ती उधारी थकली की पगाराची तारीख पुढे सरकते, एवढाच फरक.

शिवाय एसटीच्या भाड्यावर 17.5 टक्के प्रवासी कर आहे. तो सरकारकडेच जातो. त्याची बातमी सहसा होत नाही.

2021-22 च्या संपानंतर पगारासाठी सरकारने जी मदत द्यायला सुरुवात केली, ते मात्र खरं अनुदान.

बायकांच्या अर्ध्या तिकिटाने एसटी बुडाली, असं पारावर ऐकू येतं. मला ते पटत नाही. रिकाम्या सीटचं काहीच मिळत नव्हतं, भरलेल्या सीटचं पूर्ण भाडं मिळतं, निम्मं उशिरा का होईना.

खरं दुखणं वेगळंच आहे. प्रतिपूर्ती प्रवाशामागे येते, फेरीमागे नाही. मुक्कामी गाडी रात्री शेवटच्या वाडीला पोचते तेव्हा आत चार माणसं असतात. सकाळी तीच गाडी शाळेची पोरं घेऊन निघते. सरकारने त्या चौघांची आणि पोरांच्या पासांची सवलत दमडीन् दमडी दिली, तरी डिझेल, टायर, चालक-वाहकाचा भत्ता निघत नाही. पूर्वी पुणे-मुंबईसारख्या मार्गांवर कमवायचं आणि वाडीवस्तीवर घालवायचं, असं चालायचं. पुढे लांबचा प्रवासी ट्रॅव्हल्सने नेला, जवळचा वडापने, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपने. टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेतल्या थांब्यांवर प्रवासी चढवत-उतरवत नेण्याचा, हक्क कागदावर एसटीचाच राहिला, आणि वाडीही एसटीकडेच राहिली.

त्यात 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचं कलम 22 सांगतं, महामंडळाने व्यापारी तत्त्वावर चालावं. पण भाडं मंजुरीशिवाय वाढवता येत नाही. ऑक्टोबर 2021 नंतर थेट 25 जानेवारी 2025 ला ते 14.95 टक्क्यांनी वाढलं. मधली तीन वर्षं डिझेल आणि सुट्या भागांनी वाट पाहिली नाही. जून 2025 च्या श्वेतपत्रिकेत संचित, म्हणजे वर्षानुवर्षं साठलेला, तोटा 10,322 कोटी दिसला, त्यात या सगळ्याचा वाटा आहे. कारभारातला ढिसाळपणा नाही असं मी म्हणणार नाही, तो आहेच.

पुण्यात पीएमपीची पद्धत निराळी. संचलन तूट, म्हणजे बस चालवण्याच्या खर्चातून उत्पन्न वजा जाता उरलेली रक्कम, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका 60:40 प्रमाणात भरतात. फेरी रिकामी गेली तरी तिचा खर्च कुठेतरी धरला जातो, हे चांगलं. पण वर्षाअखेरीस तूट भरून मिळणारच असेल, तर ती कमी करायची घाई कुणाला असणार?

माझं मत विचाराल तर आगारनिहाय तोट्यातल्या आवश्यक फेऱ्यांची यादी करावी आणि सरकारने त्यांचे प्रति किलोमीटर पैसे द्यावेत. फेरी रद्द झाली की पैसे कापावेत. पीएम ई-बस सेवा योजनेत केंद्र शहरांना किलोमीटरच्या हिशोबानेच मदत देतं, मग गावाला का नको?

तुमच्या गावची फेरी बंद पडली असेल, तर आमदाराच्या पत्राआधी आगार व्यवस्थापकाकडे तिचं भारमान (किती टक्के सीट भरल्या ते) आणि प्रति किमी उत्पन्न मागा. तोंडी नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आकडे आले की आधी हे बघा, त्यात पासवाली पोरं धरलीत की नाही.