साओ पावलोहून भारतात यायचं स्वस्त विमान तिकीट कसं शोधावं?

तुमच्या मिस्टरांची बदली साओ पावलोला झालीय, मुलं दोन, वर्षातून एकदा पुण्याला यायचंय, जमलं तर आजूबाजूचे देशही बघायचेत आणि तिकिटांचे आकडे बघून डोळे पांढरे झालेत, असं तुम्ही लिहिलंय. मी याच शहरात राहते आणि दर वर्षी याच खटपटीत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मंगळवारी रात्री बुकिंग करा, ब्राउझर इनकॉग्निटोमध्ये उघडा, कुकीज पुसा, हे सल्ले आतापर्यंत मिळालेच असतील. मला त्यातल्या एकाचाही उपयोग झालेला नाही. इथून भारताचं भाडं मुख्यतः ठरतं ते विमान वाटेत कुठल्या शहरात बदलायचंय यावर. आणि यादीत सगळ्यात वर दिसणारी बरीच तिकिटं आपल्या पासपोर्टवर वापरताच येत नाहीत. त्यामुळे आधी न चालणारी तिकिटं बाजूला काढायची आणि मग उरलेल्यांत स्वस्त काय ते बघायचं, हा क्रम पाळा.

ब्राझील आणि भारत यांच्यात थेट विमान नाही. ग्वारुल्योस विमानतळावरून निघून एकदाच विमान बदलून मुंबई गाठायचे रूढ मार्ग चार: आदिस अबाबा, दुबई, दोहा आणि इस्तंबूल. चारही ठिकाणी विमानतळाबाहेर न पडता विमान बदललं तर भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही आणि चारही मार्गांवर मुंबईपर्यंतचं एकच तिकीट मिळतं. माझ्या पाहण्यात आदिसमार्गे जाणाऱ्या इथिओपियन एअरलाइन्सचं भाडं बहुतेक वेळा इतरांपेक्षा खाली असतं. घरी पृथ्वीगोल असेल तर त्यावर साओ पावलो ते मुंबई दोरा ताणून धरा. तो अटलांटिक ओलांडून काँगो नदीच्या मुखापाशी आफ्रिकेत शिरतो आणि पुढे इथिओपियावरूनच जातो. म्हणजे आदिसला थांबणं हा वळसा नाहीच, ते जवळजवळ सरळ रेषेवर आहे. युरोपमार्गे गेलात तर आधी उगाच उत्तरेला चढायचं आणि मग परत खाली यायचं. दुबई-दोहाची विमानं जास्त आरामाची आहेत, मान्य. पण चार तिकिटांच्या पैशांचा हिशेब करायला बसलं की आराम यादीत बराच खाली जातो.

आदिसचा थांबा लांबलचक असेल तर हॉटेलची सोय विमान कंपनीकडून मिळू शकते. मात्र ती तिकिटाच्या प्रकारावर आणि उपलब्ध जोड-विमानांवर अवलंबून असते, म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. दोन मुलांना घेऊन रात्रभर खुर्च्यांवर बसणं कुठल्याच बचतीत बसत नाही.

आता न चालणारी तिकिटं. अमेरिकेमार्गे एखादं तिकीट मोहात पाडेल, पण तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. चौघांकडेही चालू अमेरिकी व्हिसा असेल तरच तिकडे बघा. दुसरा सापळा युरोपचा. साओ पावलो–लिस्बन–फ्रँकफर्ट–मुंबई असं तिकीट दिसायला साधं वाटतं. पण लिस्बन आणि फ्रँकफर्ट ही दोन्ही शहरं शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, म्हणजे लिस्बनला तुमचा इमिग्रेशनमधून युरोपात प्रवेश होतो आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. युरोपात एकच थांबा असेल तरी त्या-त्या देशाचा विमानतळ-व्हिसाचा नियम वेगळा असतो आणि बदलत राहतो. तो दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. कागद बघून तुम्हाला विमानात बसवायचं की नाही हे चेक-इनच्या काउंटरवर ठरतं आणि तिथे एजंट हजर नसतो.

काही जण लिस्बन किंवा माद्रिदपर्यंत एक तिकीट आणि तिथून मुंबईचं दुसरं, असं तोडून घेतात. शेंगेन व्हिसा असेल आणि वाटेत दोन-तीन दिवस फिरायचंच असेल तर हे छान जमतं. नुसती बचत म्हणून कुटुंबासकट करू नका. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. सामानाचंही तसंच आहे. ब्राझीलहून सुटणाऱ्या लांबच्या तिकिटांवर सामान साधारणपणे नगावर मोजतात, सहसा २३ किलोच्या बॅगा, आणि एकच तिकीट असेल तर तोच नियम मुंबईपर्यंत लागू राहतो. तोडून घेतलेल्या तिकिटावर पुढची कंपनी एकूण वजनावर मोजायला लागली की वाचवलेले पैसे तिथेच निघून जातात. किती नग हे भाड्याच्या प्रकारावर ठरतं, ते तिकिटावर वाचा.

शोधताना एक बारीक गोष्ट. शहराचं नाव घातलं की तीन विमानतळ एकत्र दिसतात: ग्वारुल्योस, शहराच्या पोटातलं कोंगोन्यास आणि कांपिनासजवळचं विराकोपोस. शेवटचं शहरापासून जवळजवळ १०० किलोमीटरवर आहे. ब्राझीलमध्येच दुसरीकडून येऊन पुढे भारतात जाणार असाल, तर कधी कधी यादी कोंगोन्यासला उतरवते आणि ग्वारुल्योसहून चढवते. मधलं अंतर तुमचं तुम्ही कापायचं, बॅगा घेऊन आणि साओ पावलोच्या ट्रॅफिकमधून. असं तिकीट स्वस्त का दिसतं ते तेव्हा कळतं.

तारखांचं गणित मात्र आपल्या बाजूचं आहे. ब्राझीलमध्ये उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. शाळांची मोठी सुट्टी तेव्हाच, मग कार्निव्हल, आणि जुलैत पुन्हा छोटी सुट्टी. या काळात इथली माणसं बाहेर पडतात आणि भाडी चढतात. डिसेंबरात तर परदेशातले सगळे भारतीयही मुंबईच्या वाटेवर असतात, म्हणजे दोन्ही टोकांना गर्दी. जून-जुलैत आखाती देशांतले भारतीय घरी येतात, त्यामुळे दुबई-दोहाहून पुढचा टप्पा महागतो. या सगळ्यातून मोकळा राहणारा काळ म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. थोडक्यात, गणपती! दिवाळीही या बाजूने स्वस्तात पडते, कारण ब्राझीलला तिचं काहीच नाही. फक्त आखातातून भारतात येणारी विमानं दिवाळीच्या आठवड्यात भरलेली असतात, म्हणून आठ-दहा दिवस आधी निघा. अडचण मुलांच्या शाळेची. ब्राझिलियन वेळापत्रकाची शाळा घेतलीत तर गणपतीत रजा काढावी लागेल. ते तुमचं आणि शाळेचं, पण प्राथमिकच्या वर्गांत असताना मी तरी फार विचार केला नाही.

गूगल फ्लाइट्सवर साओ पावलो–मुंबई घालून महिन्याचं कॅलेंडर उघडा, चलन ब्राझिलियन रेआल करा आणि किमतीची सूचना लावून ठेवा. दोन-तीन आठवडे नुसतं बघा. नेहमीचा भाव कुठे असतो ते डोक्यात बसलं की उतरलेला भाव आपोआप ओळखू येतो. इथल्या सवलतींच्या बातम्या देणारं मेल्योरेस देस्तिनोस हे पोर्तुगीज संकेतस्थळही रोज चाळा. भाषा येत नसली तरी शहरांची नावं आणि आकडे कळतातच.

तिकीट सापडल्यावर विमान कंपनीच्या ब्राझीलच्या संकेतस्थळावरून, रेआलमध्येच घ्या. ब्राझिलियन कार्डाने परकीय चलनात पैसे भरले की आयओएफ नावाचा कर लागतो, सध्या साडेतीन टक्के. ६,००० रेआलच्या तिकिटावर २१० रेआल, आणि तुम्ही चौघं आहात. भारतीय कार्ड वापरलंत तर तिकडची बँक आपली टक्केवारी लावते. म्हणून आल्या आल्या सीपीएफ, म्हणजे इथला पॅन नंबरच समजा, काढून घ्या. तो असला की स्थानिक खातं, स्थानिक कार्ड आणि बिनव्याजी हप्ते हे सगळं उघडतं. हप्त्यांत तिकीट घेणं इथे अगदी सर्वसाधारण आहे. नाव भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, ते गाळू नका.

फारच स्वस्त देणाऱ्या मध्यस्थांपासून लांब राहा, विशेषतः 'तारीख नंतर कळवू' म्हणणाऱ्यांपासून. १२३ मिल्यास नावाच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये अशीच आधी विकलेली सवलतीची तिकिटं देणं थांबवलं आणि हजारो लोक अडकले. थेट विमान कंपनीकडून घेण्याचा आणखी एक फायदा असा की इथल्या विमान नियामकाच्या नियमाप्रमाणे, उड्डाणाला किमान सात दिवस असताना काढलेलं तिकीट पावती मिळाल्यापासून २४ तासांत कुठलाही आकार न लागता रद्द करता येतं. चांगला भाव दिसला तर आधी तिकीट घ्या आणि रजेचं नंतर विचारा.

येतानाचं पहिलं तिकीट मिस्टरांची कंपनी देणार असेल तर एक सुचवते. लांबच्या मार्गांवर एकेरी तिकीट पुष्कळदा दुहेरीच्या जवळपास जातं. कंपनी मुंबईहून दुहेरी काढून देत असेल आणि परतीची तारीख वर्षाच्या आत पुढे ढकलता येत असेल, तर तो परतीचा टप्पाच तुमची पहिली भारतभेट होऊ शकतो. त्यानंतर पुन्हा मुंबईहूनच दुहेरी काढायचं. दोन्ही टोकांचे भाव वेगळे असतात, म्हणून दर वेळी दोन्हीकडून तपासा. मात्र दुहेरी तिकिटातला पहिला टप्पा सोडून दिलात तर विमान कंपनी पुढचे सगळे रद्द करते, तो खेळ खेळू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पिवळ्या तापाची लस चौघांनी घ्या. ब्राझीलहून आलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, मग तुम्ही वाटेत कुठेही विमान बदललेलं असो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि ते आयुष्यभर चालतं. मुंबईत मान्यताप्राप्त केंद्रावर घेऊन निघालात तर उत्तम. इथे सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.

आणि शेजारचे देश. ब्यूनस आयर्सला जायचं असेल तर टर्किश आणि इथिओपियन यांची लांबून आलेली मोठी विमानं साओ पावलोला थांबून पुढे तिकडे जातात. तेवढाच टप्पाही विकतात आणि तो कधी कधी स्थानिक कंपन्यांपेक्षा स्वस्त असतो. जेटस्मार्ट, स्काय, फ्लायबाँडी या स्वस्त विमान कंपन्यांचे भाव बघताना बॅग धरून बेरीज करा. व्हिसाचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे, म्हणून परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. पहिल्या वर्षी मी तर इग्वासूचा धबधबाच सुचवेन. फोस दो इग्वासूचं विमान देशांतर्गत आहे आणि ब्राझीलच्या बाजूने धबधबा बघायला कुठलाच नवा व्हिसा लागत नाही. तिकडचं तिकीट कार्निव्हल सोडून कुठल्याही शनिवार-रविवारी बघा, आणि कोंगोन्यासहून मिळालं तर तेच घ्या, ग्वारुल्योसपर्यंतचं टॅक्सीभाडं वाचेल.