बांध काढणाऱ्यांच्या बाजूची की ठेवणाऱ्यांच्या?

पत्र थोडक्यात असं: नद्यांवरचे जुने, निरुपयोगी बांध काढून तिथल्या मूळच्या माशांना वाट मोकळी करून द्यायची, हेच काम करायचं असं या विद्यार्थिनीने ठरवलं होतं. मग तिच्या वाचनात आलं की काही नद्यांवर मत्स्यशास्त्रज्ञच बांध काढायला विरोध करतात, कारण तो गेला तर परक्या, घुसखोर प्रजाती वर शिरतील. ती विचारते, "मग मी कोणत्या बाजूला जाऊ? आणि प्राणिशास्त्र घेऊ की सिव्हिल इंजिनिअरिंग? बाबा इंजिनिअरिंग म्हणतात."

तुझं पत्र दोनदा वाचलं. विषय कोणता घ्यायचा ते नंतर बघू, आधी तुला एका प्राण्याची ओळख करून देते. त्याच्यामुळे तुझा बाजूंचा प्रश्नच बदलेल.

सी लॅम्प्रे. दिसायला ईलसारखा लांबुळका, जबडा नाही, तोंड म्हणजे दातांनी भरलेली गोल चकती. मोठ्या माशाच्या अंगाला ती चकती चिकटवायची, खरवडून भोक पाडायचं आणि रक्त प्यायचं. हा मूळचा अटलांटिकचा. उत्तर अमेरिकेच्या वरच्या महासरोवरांकडे जाताना नायगाराचा धबधबा आडवा होता, पण त्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याने त्याला वाट मिळाली. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात दिसला आणि १९३८ पर्यंत थेट सुपीरिअरमध्ये. बेसुमार मासेमारीने आधीच खचलेल्या लेक ट्राउट या तिथल्या मोठ्या माशाचं त्याने कंबरडं मोडलं. त्याला आवरायला अमेरिका आणि कॅनडाला १९५५ मध्ये संयुक्त आयोगच नेमावा लागला.

लॅम्प्रे अंडी घालायला सरोवरातून नद्यांमध्ये चढतो. त्याची पिल्लं नदीच्या तळाच्या गाळात काही वर्षं पुरून राहतात. तिथे त्यांना मारायला खास रसायन सोडतात, आणि ते दर काही वर्षांनी पुन्हा सोडावं लागतं. खालचा बांध शाबूत असेल तर वरच्या भागात ही वेळच येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ तो ठेवा म्हणतात. नदीवर त्यांचंही तुझ्याइतकंच प्रेम आहे.

आता तो बांध जवळून बघ. लॅम्प्रेला उडी मारता येत नाही. खालच्या पाण्यापासून साधारण ४५ सेंटिमीटरचा सरळ कडा आणि माथ्यावर थोडी पुढे आलेली कड, एवढ्याने तो अडतो. ट्राउट उडी मारून पार होतो. पण लेक स्टर्जन हा तिथला मूळचा मासा उडी मारत नाही. त्याची मादी पहिल्यांदा अंडी घालते तेव्हा बहुधा विशीच्या आसपास असते. इतकी वर्षं जगून ती बांधाच्या पायथ्याशी येते आणि अडकते. जी कड शत्रूला अडवते, तीच हिलाही. मला विचारशील तर या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर काम इथे आहे: एकाला वर सोडायचं, दुसऱ्याला नाही.

मिशिगनच्या बोर्डमन नदीवर नेमकं हेच चाललं आहे. तिथले वरचे तीन बांध २०१२, २०१७ आणि २०१८ मध्ये काढले. सगळ्यात खालचा मात्र नुसता काढून चालणार नव्हता, कारण लॅम्प्रेला अडवणारा तोच होता. त्याच्या जागी 'फिशपास' नावाची रचना उभी राहते आहे, तिचं बांधकाम २०२४ मध्ये सुरू झालं. त्यामागची कल्पना कचरा वेगळा करणाऱ्या कारखान्यातून उचललेली आहे. तिथे वजन, आकार, चुंबक अशा एकेका गुणावर वस्तू निवडतात. इथे पोहण्याचा वेग, अंगाचा आकार, उजेडाला आणि वासाला मिळणारा प्रतिसाद यांवर मासे निवडायचे.

आणि हाच लॅम्प्रे अमेरिकेच्या मेन राज्यातल्या नद्यांमध्ये घरचा आहे. तिथे केनेबेक नदीवरचा एडवर्ड्स बांध १९९९ मध्ये काढला, तो नदीतल्या मूळच्या, समुद्रातून चढणाऱ्या माशांसाठीच. उलट न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेला ट्राउट हाच घुसखोर. तिथले काही छोटे गॅलॅक्सिड मासे ट्राउटला चढता न येणाऱ्या धबधब्यांच्या वरच तग धरून आहेत, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम अडथळे बांधलेही जातात. तेव्हा स्वतःला आत्ताच 'बांध काढणारी' म्हणवून घेऊ नकोस. कोणती नदी, कोणते मासे, खाली कोण टपून बसलंय, हे कळल्याशिवाय बाजू ठरत नाही. कळल्यावर मात्र ठाम राहावं लागतं, कारण उशीर झाला की स्टर्जनही जातो.

आता विषय. प्राण्याच्या मागे रात्र जागायची तयारी असेल तर प्राणिशास्त्र किंवा मत्स्यशास्त्र घे, पण संख्याशास्त्र टाळू नकोस. शेकडो बांधांपैकी आधी कोणत्याला हात लावायचा, हे शेवटी आकडेमोडीनेच ठरतं. पाण्याचा वेग, उतार, काँक्रीट यांत रमत असशील तर बाबांचं म्हणणं बरोबर आहे. सिव्हिल कर, त्यात हायड्रॉलिक्स, म्हणजे वाहत्या पाण्याचं शास्त्र, धर, आणि माशांच्या वर्तनाचा एखादा अभ्यासक्रम जोडीला घे. या कामात प्रकल्प अडतात ते बहुतेक इंजिनिअरला मासा आणि जीवशास्त्रज्ञाला पाणी कळत नाही म्हणून. दोघांची भाषा येणारी माणसं फार थोडी आहेत. तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तुझा ओढा प्राण्याकडे आहे. पण हे माझं वाचन, खात्री तूच कर.

पदव्युत्तर शिक्षण धरूनच चाल. कामं सरकारी मत्स्य आणि जलविभागांत, संशोधन संस्थांत, सल्लागार कंपन्यांत मिळतात. रोजचं काम म्हणजे गार पाण्यात सापळे तपासणं, नोंदी, आणि लोकांच्या सभा. बांधामागच्या तळ्यावर ज्यांचं बालपण गेलं, ते तो काढू देत नाहीत, आणि त्यांचं ऐकून घेणं हाही कामाचाच भाग आहे.

निवड करण्याआधी एक कर. जवळचा एखादा छोटा बांध निवड. पाणी किती उंचीवरून पडतं ते कमी पाण्यात आणि पुरानंतर, दोन्ही वेळा काठावरून, सुरक्षित जागी उभं राहून लिहून ठेव. कोणते मासे खाली दिसतात, कोणते वर, हे तिथे मासे पकडणाऱ्यांना विचार. त्यातला मूळचा कोण आणि नंतर आलेला कोण, ते शोध. मग ती वही घेऊन मला पुन्हा लिही, तेव्हा विषयाचं नक्की करू.