वाचकांचे प्रश्न: पायलटच्या पगारातला 'अवॉर्ड' म्हणजे काय?

प्रश्न: ताई, माझा भाचा ऑस्ट्रेलियात नवीन पायलट आहे, चार्टर कंपनीत, उत्तरेकडच्या एका लांबच्या गावात पोस्टिंग. कंपनी म्हणते "अवॉर्डप्रमाणे देतो", पण दुर्गम भागाचा भत्ता स्लिपवर दिसत नाही. तो त्याला मिळायला हवा ना?

उत्तर: आधी एक सांगते, इथे अवॉर्ड म्हणजे बक्षीस नाही हो, फेअर वर्क कमिशनने (पगार-अटी ठरवणारी तिथली सरकारी संस्था) ठरवलेला किमान पगार आणि अटी, पायलटसाठी 'एअर पायलट्स अवॉर्ड 2020'. यातले दर दरवर्षी साधारण 1 जुलैपासून बदलतात, त्यामुळे जुना तक्ता बघून भांडू नका. कंपनीचा एंटरप्राइज अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कंपनी आणि कर्मचाऱ्यांमधला सामूहिक करार, असेल तर अवॉर्डऐवजी तो लागू होतो, तरी मूळ पगार अवॉर्डपेक्षा कमी असता कामा नये.

भत्त्याचं म्हणाल तर लांबच्या गावात राहतो म्हणून तो आपोआप मिळेलच असं धरू नका, अवॉर्ड आणि त्याचं करारपत्र दोन्ही वाचायला सांगा. मात्र बाहेर मुक्काम पडला तर राहणं-जेवण हा वेगळा हक्क, तो सोडू नये.

आणि टॅक्समधला झोन ऑफसेट, म्हणजे ठरावीक दुर्गम भागांत (झोनमध्ये) राहणाऱ्यांना मिळणारी करसवलत, विसरू नका! तो कंपनी देत नाही, रिटर्नमध्ये मागायचा असतो, साधारणपणे वर्षात 183 दिवस त्या झोनमध्ये राहायला हवं आणि खरं घर तिथेच हवं, नुसतं ड्युटीपुरतं जाऊन येणाऱ्यांना मिळत नाही.

पोरं पहिल्या नोकरीत घाबरून गप्प बसतात, मला याचं फार वाईट वाटतं. स्लिपा जपून ठेवायला सांगा, कमी दिलेला पगार 6 वर्षांपर्यंत मागता येतो, फेअर वर्क ओम्बड्समनकडे (पगाराच्या तक्रारी बघणारं सरकारी कार्यालय) विचारणं फुकट आहे.