बाल्कनीतल्या सागवानी खुर्च्या ऊन-पावसात टिकाव्यात म्हणून कोणतं पॉलिश करावं?

कुठलंच चकचकीत पॉलिश करू नका. तेल द्या. हे मी इतकं ठासून का सांगतेय, ते आमच्या बाकड्यामुळे.

राजापूरजवळ आमचं घर आहे. जुन्या गोठ्याच्या सागवानी तुळईतून बाबांनी एक बाकडं करून घेतलं होतं. ते कायम अंगणात, उघड्यावर. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरी तीस वर्षं त्याचा एक सांधा हलला नाही. बाबा वर्षातून दोनदा तेल देत, दिवाळीनंतर लाकूड सुकलं की एकदा आणि मृगाच्या आधी, मे महिन्यात एकदा. डबल बॉइल्ड जवसाचं तेल, पहिल्या हाताला तेवढंच टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं, त्यात चमचाभर वस्त्रगाळ गेरू. गेरू शोभेसाठी नव्हता. नुसतं पारदर्शक तेल ऊन अडवत नाही, रंगाचा कण अडवतो. पंधरा-वीस मिनिटांनी सुक्या फडक्याने सगळं पुसून घ्यायचं, वर चिकट थर राहता कामा नये. आणि पाय! लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापाच्या तोंडातून. बाबा पत्र्याच्या झाकणांत तेल ओतून बाकड्याचे चारही पाय रात्रभर त्यात उभे करायचे. सकाळी झाकणं जवळजवळ कोरडी असायची. मग प्रत्येक पायाखाली चिऱ्याचा तुकडा.

२०१६ साली बाबा गेले. पुढच्या मे महिन्यात दादाने मुंबईहून पॉलिशवाला आणला आणि मेलामाईनचे, म्हणजे पारदर्शक चकचकीत पॉलिशचे, तीन हात मारून घेतले. मी फोनवर कळवळून सांगत होते की मेलामाईन घरातल्या कपाटाला ठीक, अंगणात नको. "तुला सुतारकामातलं काय कळतं?" एवढंच उत्तर मिळालं. पाठीच्या पट्टीवर श्रावणात नखाएवढे पांढरे डाग आले. गणपतीत तिथे बोट लावलं तर पापुद्रा उचलून आला, खाली लाकूड काळं आणि ओलं. होतं काय, की ऊन त्या पारदर्शक थरातून आत जातं आणि लाकडाचा वरचा पदर सुटा करतं. पावसात लाकूड फुगतं, थर ताणत नाही, तडकतो. तडकलेल्या जागेतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट नसते. तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या डाव्या पायाचं कुसू, म्हणजे सांध्यात बसणारं टोक, कुजलं. बाबांच्या हयातीत जे झालं नाही ते तीन वर्षांत झालं.

मग मीच आठ दिवस बसून ऐंशी आणि एकशेवीस नंबरच्या पॉलिशपेपरने सगळं खरवडलं, सुताराकडून पाय बदलून घेतला आणि पुन्हा तेलावर आणलं. दादा म्हणतो, बाकडं मळकट दिसतं. दिसू दे. साग उन्हात राखाडी पडतो, पण राखाडी म्हणजे कुजका नव्हे. तेल दिलेलं लाकूड पुढच्या वर्षी फडक्याने पुसून पुन्हा तेल घेतं, त्यासाठी काही खरवडावं लागत नाही.

तुमच्या खुर्च्या खरंच सागाच्या असतील तरच हे सगळं लागू. पाइनच्या असतील तर तेलावर भागणार नाही, तिथे बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश लागेल आणि दर दोन-तीन वर्षांनी डागडुजी. दमट, वारा न खेळणाऱ्या बाल्कनीत जवसाच्या तेलावर काळी बुरशी धरते, म्हणून हात पातळ द्या. पावसाळ्यात प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. आणि हे विसरू नका: तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

दादा दिवाळीला येतोय. नव्या पायाजवळ गुडघे टेकून त्याने एकदा त्या सांध्यावरून हात फिरवून बघावा, एवढंच मी त्याला सांगणार आहे.